आतला खांब

पुण्याच्या लष्करातल्या, म्हणजे कॅम्पातल्या, त्या इमारतीला अलीकडे पाटी लागली आहे. ‘वारसा वास्तू’ असं मराठीत, आणि वर तेच इंग्रजीत, जरा मोठ्या अक्षरात. मी शाळा चौथीत सोडली. शाळेनं मला काढलं नाही, मीच सोडली, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. इंग्रजी मला वाचता येत नाही. पण त्या इमारतीच्या तोंडावर कुठल्या लाकडाला किती खिळे आहेत हे मी डोळे मिटून सांगेन, आणि पाटी लावणाऱ्यांपैकी एकालाही ते सांगता यायचं नाही.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुण्यातल्या बाकीच्या जुन्या इमारती दगडविटांच्या, मुकाट्यानं उभ्या असलेल्या. हिच्या पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर मात्र काळ्याकुट्ट लाकडांच्या उभ्या, आडव्या, तिरक्या रेघाच रेघा. छप्पर इतकं उभं की कावळासुद्धा विचार करून बसायचा. विलायतेत बर्फ घसरून पडावं म्हणून तसं करतात म्हणे. पुण्यात बर्फ गोळेवाल्याच्या गाडीशिवाय कुठे दिसत नाही, पण साहेबाला आपल्या गावाकडची दारू प्यायची जागा हवी होती, ती त्यानं बर्फाच्या सोयीसकट बांधून घेतली. भिंतीतून पोट सुटल्यासारखी पुढे आलेली खिडकी. आत शेकोटीची मोठी कमान, जिच्यात माझ्या माहितीत कधी जाळ झाला नाही; मांजर तेवढी दरवर्षी तिथे व्यायची. खाली पिंपं ठेवायचं तळघर. आणि दारं दोन. एकातून साधे सोल्जर आत जायचे, दुसऱ्यातून बडे साहेब. बड्या साहेबांच्या दाराच्या काचेवर इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. तिथला जुना आबदार इब्राहिमचाचा, म्हणजे बाटल्या आणि पेले सांभाळणारा, त्यानं ती आम्हाला वाचून दाखवली होती : ‘सलून’. त्यामुळे आमच्या हडपसरात कैक वर्षं सगळ्यांची पक्की समजूत होती की गोरा साहेब आधी दाढी करून घेतो आणि मगच पितो.

हडपसर तेव्हा गाव होतं. आमचं घर सुताराचं, म्हणजे झोपेतून जाग यायची ती रंध्याच्या आवाजानं. तात्या, माझे वडील, कोंबड्याच्या आधी उठायचे आणि कोंबड्याला तोंड उघडायची सोय ठेवायचे नाहीत. अंगणभर ढलप्या, दारामागं भुसा, आणि आईची शेगडी त्या भुशावरच चालायची. पत्र्याच्या डब्यात मधोमध लाटणं उभं धरायचं, भोवती भुसा ठासायचा, मग लाटणं अलगद ओढून काढायचं आणि त्या भोकात जाळ घालायचा. दोन वेळची भाकरी आणि अंबाडीची भाजी निघायची एका डब्यावर. आईला धुराच्या वासावरून कळायचं तात्यांनी आज काय कापलं. ‘आज शिवणीचं लाकूड हाय व्हय? भाकर गोड फुगली,’ असं ती म्हणायची. सागाचा भुसा असला की जरा गप्प बसायची, कारण सागाचं काम म्हणजे कुणातरी मोठ्याचं काम, आणि मोठ्याच्या कामावर तात्या घरी उशिरा आणि चिडके यायचे. मी आज फ्लॅटमध्ये गॅसवरची भाकरी खातो. सुना चांगल्या करतात. पण कुठल्या लाकडाची आहे ते त्या भाकरीला सांगता येत नाही.

तात्यांचा एकच नियम. ‘लाकडाला इचारल्याबिगर करवत लावायची न्हाई.’ विचारायचं म्हणजे वाजवायचं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर वाकवून तीन टिचक्या, मग कान देऊन उभं राहायचं. लाकूड पोकळ आहे की भरीव, वाळलंय की ओलं, नुसतं उभं आहे की डोक्यावर भार घेऊन उभं आहे, सगळं त्यांना त्या तीन टिचक्यांत कळायचं. कलिंगडं वाजवायचे, बैलगाडीचे साटे वाजवायचे. थोरल्या बहिणीला स्थळ बघायला गेलो तेव्हा चहा येईपर्यंत त्यांनी त्या लोकांच्या ओसरीचा खांब वाजवला आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘पोरगा बरा हाय. खांब पोकळ हाय.’ स्थळ तिथंच मोडलं. आई महिनाभर त्यांच्याशी तुटक बोलत होती.

आणि ह्या घराची सगळी ऐट त्या लष्करातल्या इमारतीवर उभी होती. माझ्या आज्यानं ती बांधली, असं गावात सगळे म्हणायचे. बांधली म्हणजे सांगाडा उभा केला : ती काळी लाकडं एकमेकांत कुसवांनी गुंतवून, म्हणजे एकाचं टोक दुसऱ्याच्या पोटात घुसवून, आख्खी इमारत लाकडावर तोलली, आणि गवंड्यानं मधल्या जागा नुसत्या भरल्या. ‘सुताराच्या जिवावर उभी हाय, गवंड्याच्या न्हाई,’ हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की आम्ही दोघं सायकलवरून लष्करात जायचो आणि दारालगतच्या तिरक्या लाकडाला झेंडूची माळ बांधायचो. गोरे होते तेव्हाही, गेल्यावरही. माळ मी बांधायचो. तात्या बाजूला उभे राहायचे, मग एक फूल घेऊन आत जायचे आणि जरा वेळानं रिकाम्या हातानं यायचे. मला वाटायचं ते फूल इब्राहिमचाचाला देतात. इतकी वर्षं वाटायचं. त्या लाकडाला मी कधी टिचकी मारली नाही. देवाला कोण टिचकी मारतं?

गोरे गेले, मागोमाग दारूबंदी आली, इमारतीला कुलूप लागलं. चाचा राखणदार म्हणून तिथेच राहिला. चार-पाच वर्षांनी रविवार पेठेतल्या एका शेटनं ती घेतली. त्याला तिचं मंगल कार्यालय करायचं होतं. जिथं दारूचे पेले सरकवायचे त्या लांब फळीवरून आता अत्तर-पानसुपारी द्यायची, तळघरात बटाटे ठेवायचे, आणि सलूनच्या बाजूला नवरदेवाचं बिऱ्हाड. चाचा म्हणाला, ‘दाढीची सोय इंग्रजानं आधीच केलीय.’ पण बाहेरचं ते काळं लाकूड शेटला नको होतं. काळं अशुभ. ते सगळं काढून भिंती गुलाबी करायच्या होत्या.

शेटनं एक इंजिनिअर नेमला होता. पुणेरी, पांढरी पँट, पातळ ओठ. त्यानं लाकूडकामासाठी तात्यांना बोलावलं, कारण ज्याच्या बापानं घातलं त्याच्याकडून काढून घ्यावं, हा हिशेब. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, हातात हुन्नर, डोक्यात वारं. तात्यांच्या बरोबरीनं कामं घेत होतो. आम्ही तिघं इमारतीसमोर उभे राहिलो, चाचा दाराशी. इंजिनिअर म्हणाला, ‘काय तात्या, किती दिवसांत उतरवाल?’

तात्यांनी वरपासून खालपर्यंत लाकडं न्याहाळली. मग म्हणाले, ‘सायेब, ही लाकडं काढू नगा. ही काढली तर इमारत ऱ्हायची न्हाई.’

‘राहायची नाही?’

‘न्हाई.’

इंजिनिअर हसला. पुण्यात हसायच्या आधी ओठ दुमडायची पद्धत आहे, तसा. ‘अहो तात्या, मी चार वर्षं कॉलेजात घालवली ती काही कँटीनचा चहा प्यायला नाही. भार विटांवर आहे. ही लाकडं म्हणजे नुसती शोभा.’

‘आसंल. तरी काढू नगा.’

‘तुमच्या वडलांनी देखावा केला म्हणून मान्य करायला लाज वाटत असेल तर तसं सांगा. लाजेवर औषध नाही माझ्याकडे.’

माझं रक्त उसळलं. आज्याचं नाव, तेही लष्करात, चाचासमोर. तात्या काही बोलेनात. त्यांचं ते गप्प बसणं मला भ्याडपणाचं वाटलं. मी पहार उचलली आणि म्हणालो, ‘साहेब, एकच लाकूड जरा सैल करून दाखवतो. वीतभर खोल नाही निघालं तर मिशी उतरवीन.’ मिशी तेव्हा नुकतीच आली होती, त्यामुळे तिचा मला फार अभिमान होता. तात्या म्हणाले, ‘दाम्या, ठेव ती.’ मी ठेवली नाही. आमच्या दसऱ्याच्या त्या तिरक्या लाकडाखाली पहारीचं टोक घातलं आणि वीतभर खोल रुतलेलं लाकूड हलवायला लागतो तेवढा सगळा जोर लावला.

जोराची गरजच नव्हती. लाकूड पापडासारखं सुटून माझ्या हातात आलं आणि मी मागच्या मागं पडलो. दोन बोटं जाडीची फळी. मागं चार गंजके खिळे. भिंतीत विटांच्या मधे खिळे धरायला बसवलेले लाकडी गट्टे, बाकी सलग वीट. कुसू नाही, खाच नाही, काही नाही. फळीमागं एक पाल राहत होती, ती माझ्याकडं बघून निघून गेली. मी तसाच जमिनीवर बसलेलो, फळी मांडीवर, आणि फळीला माझ्याच हातानं बांधलेल्या मागच्या दसऱ्याच्या माळेचा दोरा अजून गुंडाळलेला.

‘वा,’ इंजिनिअर म्हणाला. ‘तुमच्या आजोबांनी इमारतीला कपडे छान शिवलेत हो. हाडं मात्र गवंड्याची.’

त्या वेळी काय झालं ते मला आजही नीट लिहिता येत नाही. कानात शिट्टी वाजत होती. मी तात्यांकडं बघितलं. मला वाटलं तेही माझ्यासारखेच हादरले असतील. ते फक्त थकलेले दिसले. मग मी उठलो आणि कुणी न सांगता एकेक फळी उचकटायला लागलो. दुपारपर्यंत खालच्या अंगाच्या पंधरा-वीस फळ्यांचा ढीग झाला. प्रत्येक फळीबरोबर मी आज्याला शिवी देत होतो, मनात नाही, मोठ्यानं. तात्या ढिगाशेजारी उकिडवे बसून फळ्यांतले खिळे काढून सरळ करत होते. माझ्याकडं बघत नव्हते. चाचानं चहा आणला, तो कुणी प्यायला नाही.

दुपारी इंजिनिअर म्हणाला, ‘आतला तो खांब मांडवाच्या मधे येतो. पण तो आज राहू द्या. उद्या वर बघून ठरवू.’ हे त्याचं वाक्य मी इथे मुद्दाम लिहितो, कारण पुढं जे घडलं त्यात त्याचा दोष नाही. सलूनच्या खोलीत मधोमध एक चौकोनी खांब होता, बाहेरच्या लाकडांसारखाच डांबरानं काळा केलेला, वरच्या जाड तुळईला टेकलेला. तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, त्यावर माळ्याचं सगळं ओझं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझ्या डोक्यात एकच : हाही खोटा. सगळंच खोटं. बाहेरच्या लाकडाला टिचकी मारली नाही ती भक्तीनं. ह्याला मारली नाही ती तिरस्कारानं. गुडघ्याच्या उंचीला करवत लावली.

बोटभर आत गेल्यावर करवत धरली. म्हणजे दोन्ही अंगांनी लाकडानं पात्याला चावा घेतला. सुताराच्या पोटच्या पोराला हे सांगावं लागत नाही : करवत धरली म्हणजे लाकडावर भार आहे. लाकूड ओरडून सांगतं, मला सोड. मी म्हटलं, ओलं असेल. खोट्याचं काय ऐकायचं? करवत हिसकून काढली आणि झाड पाडताना करतात तसा वरून तिरका छेद दिला, पटाशीवर लाकडी मोगरी मारून मधलं लाकूड उडवून खांबाला चार बोटं उंचीचं तोंड केलं. आत पिवळाधमक साग, तेलानं चमकणारा. बाहेरच्या डांबराखाली इतका सुंदर साग! ते बघूनही मी थांबलो नाही. आजही मला कळत नाही, डोळ्यांना दिसलं ते हाताला का कळलं नाही.

बाहेर तात्यांनी मोगरीचा आवाज ऐकला. भाराखालच्या लाकडावर घाव बसला की तो घुमत नाही, टणटणतो. त्यांनी तो भिंतीपलीकडून ओळखला. ‘दाम्या! करवत काढ! करवत काढ, दाम्या!’ ते ओरडत आत आले तेव्हा खांबातून उभी चीर निघायचा आवाज सुरू झाला होता, जाड कापड फाडल्यासारखा. तुळई हलली. वरून धूळ आली, आणि धुळीबरोबर झेंडू. सुकलेले, काळे पडलेले, चुरा झालेले झेंडू, मुठीमुठीनं माझ्या डोक्यावर, खांद्यांवर. खांबाच्या माथ्याशी, तुळईच्या बेचक्यात, इतक्या वर्षांचे ठेवलेले. मी वर बघत उभा राहिलो. तात्यांनी खाली पडलेला एक ठोकळा उचलून खांबाच्या तोंडात कोंबला, ते मिटू नये म्हणून. खांब तसूभर बसला. ठोकळा अर्धा चेपला. त्यांचा उजवा हात त्याच्याबरोबर आत होता.

ते ओरडले नाहीत. मी ओरडलो.

चाचा आणि इंजिनिअर धावत आले. इंजिनिअरनं वर बघितलं, हात बघितला, आणि त्याचा चेहरा त्याच्या पँटीसारखा झाला. ‘टेकू पाहिजे,’ तो म्हणाला, ‘तुळईला टेकू देऊन वर उचलल्याशिवाय हात सुटणार नाही. जाड लाकूड कुठंय?’ जाड लाकूड कुठेच नव्हतं.

तात्या खांबाला खांदा लावून उभे होते. घाम नाकावरून ठिपकत होता. ते म्हणाले, ‘फळ्या आण. सहा. पाठीला पोट लावून बांध.’

मी ढिगातल्या सहा फळ्या ओढत आणल्या. चाचानं विहिरीचा दोर आणला. आम्ही त्या एकमेकींवर ठेवून आवळल्या, तर वीतभर जाडीचा खांब तयार झाला. सकाळी वीतभर म्हणून मी पैज लावली होती. उभ्या केल्या तर तुळईला थोड्या कमी पडल्या. खाली ठोकळा ठेवला, ठोकळ्यावर समोरासमोर दोन पाचरी. इंजिनिअरनं पांढऱ्या कपड्यांनिशी त्या डांबरी फळ्यांना मिठी मारून त्या ओळंब्यात, अगदी सरळ उभ्या धरल्या. मी हातोडी उचलली. पहिला घाव पाचरीवर बसलाच नाही, फरशीवर बसला.

‘घाई करू नगंस,’ तात्या म्हणाले. आवाज अगदी घरातला. ‘एक डावीकडनं, एक उजवीकडनं. सारख्या मार. मला काय बी हुत न्हाई.’

मी मारत गेलो. डावी, उजवी. फळ्या करकरल्या. त्या फळ्यांना सकाळपासून मी खोट्या म्हणत होतो, आणि आता म्हणत होतो, मोडू नका, मोडू नका गं बायांनो. तुळई केसभर उचलली. मग आणखी केसभर. चाचानं तात्यांचं मनगट धरलं होतं. ‘निकला,’ तो म्हणाला, आणि लगेच आपला पटका सोडून त्या हाताभोवती गुंडाळायला लागला, मला दिसू नये अशा बेतानं. पण मला दिसलं. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं. दोन्ही. वाजवायचं बोट गेलं होतं.

तात्यांना दवाखान्यातून संध्याकाळी टांग्यानं घरी आणलं. आई दारात होती. तिनं आधी तो हात बघितला, मग माझ्याजवळ आली. मला वाटलं मारेल. ती माझ्या सदऱ्याचा वास घेत होती. ‘जुना साग हाय ह्यो,’ ती म्हणाली. ‘कुठनं कापलास?’ मी सदरा काढून अंगणात टाकला. मला त्या घरात कुणीही एक शब्द बोललं नाही, आणि त्या न बोलण्यानं मी आतून सोलून निघालो. आई तात्यांना भरवायची. मी अंगणात बसून भाकरी हातात घेऊन नुसता बघत राहायचो.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या पायाशी जाऊन बसलो.

‘तात्या, बाहेरच्या फळ्या हायेत हे तुमाला म्हाईत हुतं?’

‘त्यातल्या निम्म्या मी ठोकल्यात. तुज्याच वयाचा हुतो. बाबा आखून द्यायचे, मी ठोकायचो.’

‘मग सांगाडा उभा केला म्हणून का सांगत हुता?’

‘ते गाव म्हनायचं. मी खोडलं न्हाई. तेवढं माजं चुकलं.’ त्यांनी बांधलेला हात मांडीवर सरकवला. ‘सायबाला भाईर शोभा पायजे हुती, आत छत पायजे हुतं. लोखंडाची तुळई बोटीतनं येनार हुती, ती आलीच न्हाई. मग बाबांनी त्यो एक खांब घातला. दोन्ही कामं त्यांनीच केली. एक सायबासाठी, एक सोतासाठी.’

‘पन तुमी इंजिनिअरला खोटं सांगितलंत. फळ्या काढल्या तर इमारत पडंल म्हणून.’

तात्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. ‘पडंल आसं मी कवा म्हनलं? मी म्हनलं ऱ्हायची न्हाई. पडंल, हे तू ऐकलंस.’

मी आठवून बघितलं. खरंच, ते तसंच म्हणाले होते.

शेट घाबरला. वास्तुशांतीआधीच रक्त सांडलं, तिथं लग्नं कोण लावणार? त्यानं निरोप पाठवला की सगळं होतं तसं करून ठेवा आणि कुलूप लावा. होतं तसं करायचं काम मी एकट्यानं केलं. तात्या पिंपावर बसून असायचे, हात गळ्यात बांधलेला. खांबाचा फाटलेला खालचा भाग मी काढला, नवा साग आणला, आणि जुन्या-नव्याला तिरपा सांधा केला, हातभर लांब, खिळा न वापरता. तसा सांधा मी नंतर उभ्या जन्मात केला नाही, आणि पुण्यात आज कुणी करून दाखवावा. मग बाहेरच्या फळ्या, जिथल्या तिथं, तात्यांनी सरळ केलेल्याच खिळ्यांनी. प्रत्येक फळी बसवायच्या आधी ते पिंपावरून फक्त एवढंच म्हणायचे, ‘वाजव.’ मी वाजवायचो. ते कान द्यायचे. ‘हं.’ मग पुढची. रंधा त्यांनी परत हातात धरला नाही. दसऱ्याला पूजा करायचे ती हत्यारं माझी असायची.

त्यांना जाऊन आता किती वर्षं झाली. इमारत पुढं गोदाम झाली, मग ऑफिस, मग बरीच वर्षं काहीच नाही. आता तिथं परत पब आहे. हडपसरच्याच आयटीतली पोरं तिथं जातात, माझा नातूही जातो, मला कळत नाही असं त्याला वाटतं. पाटी लागण्याआधी पाहणीसाठी एक मुलगी आली होती, इमारतींचं शिकलेली. जुन्या कामाचं माहीत असलेला म्हातारा सुतार आहे असं तिला कुणीतरी सांगितलं, म्हणून गाडी पाठवून मला घेऊन गेली. बोलायला गोड, अर्धं इंग्रजी. दारात उभं राहून ती म्हणाली, ‘काका, ॲक्च्युअली ह्या बाहेरच्या सगळ्या फळ्या डेकोरेटिव्ह आहेत बरं का, स्ट्रक्चर नाहीये. पण त्यांच्यामुळेच ही बिल्डिंग लिस्टमध्ये आली. त्या काढल्या ना, तर मग बिल्डिंग राहतच नाही.’

मी तिथल्या पायरीवर बसलो. तिनं घाईनं पाणी मागवलं. ऊन लागलं असं तिला वाटलं.

आत नेलं तिनं मला. सलूनची काच अजून आहे. खांब आहे, पॉलिश केलेला, पिवळा दिवा सोडलाय त्याच्यावर. ती कागद बघून म्हणाली, ‘हा एकच ओरिजिनल पोस्ट आहे, लोड घेणारा. मूळ खांब असं लिहिलंय आम्ही.’ मी म्हटलं, ‘वाजवून लिहिलंय का?’ तिला कळलं नाही. मी माझं मधलं बोट वाकवून दाखवलं. तिनं हसत हसत वर तीन टिचक्या मारल्या, मग खाली तीन. हसू थांबलं. पोरीला कान होता.

‘काका, दोन वेगळे आवाज येतायत.’

‘वरचा माझ्या आज्याचा. खालचा माझा.’

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. माझा सांधा कुणाला दिसत नाही ह्याचा मला इतकी वर्षं गर्व होता, आणि तो दिसू नये ह्याचीच भीती. तिनं पेनाचं टोपण काढलं, वाकली, आणि दिव्याच्या उजेडात ती रेघ शोधायला लागली. सापडली तिला. हातभर लांब, केसाएवढी.

‘आणि मधे?’ असं म्हणून तिनं सांध्यावर बोट वाकवलं.

मी तिचा हात धरला. आज्याच्या आणि माझ्या मधली ती जागा तात्यांच्या बोटांची.

‘तिथं नको, पोरी.’